जावयाचा आग्रह

भगवंतनं जिलब्यांची परात आणून थेट विश्वासरावांच्या पानापुढे ठेवली आणि धारच्या त्या मांडवातली अख्खी पंगत माना वळवून बघू लागली. पानं अजून वाढली जात होती, कुणी घास घेतला नव्हता. भगवंत हा विश्वासरावांचा मेहुणा. त्याच्या लेकीचं, वेदिकाचं, नुकतंच लग्न लागलं होतं. या घरच्या प्रत्येक लग्नात देवासचे हे थोरले जावई एका बैठकीत चाळीस जिलब्या खात आले होते. नव्या व्याह्यांनाही ते कौतुकानं सांगून झालं होतं.

"दाजी, आता इज्जत तुमच्या हातात," भगवंत म्हणाला.

पलीकडे भात वाढणाऱ्या माईंचा, विश्वासरावांच्या बायकोचा, हात तसाच थांबला. दीड वर्षापूर्वी देवासच्या डॉक्टरांनी टेप लावून विश्वासरावांची कंबर मोजली होती. बेचाळीस इंच, साखर वाढलेली, रक्तदाबही वाढलेला. असंच चाललं तर नातवंडं तुम्हाला फोटोतच बघतील, असं ते तोंडावर म्हणाले होते. तेव्हापासून विश्वासराव कारखान्याच्या पाळीआधी रोज टेकडी चढत. पहिल्या दिवशी तर विसाव्या पायरीवरच बसकण मारली होती. गोड बंद केलं, रात्री ज्वारीची भाकरी सुरू केली. पण सासुरवाडीच्या आग्रहापुढे हा गडी टिकणार नाही, अशी माईंची खात्री होती. त्या चाळिसांचा नवऱ्याला केवढा तोरा होता, हे माईंइतकं कुणाला ठाऊक?

विश्वासरावांनी परातीकडे पाहिलं. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोला. मग ते पाटावरून उठले. जावई रुसले की काय, म्हणून भगवंतचा चेहरा उतरला.

"भिया, आज मी वाढतो," परात उचलत विश्वासराव मेहुण्याला म्हणाले.

"अहो, जावयानं कुठे वाढायचं असतं? लोग क्या कहेंगे?"

"म्हणू देत."

आणि ते वाढू लागले, प्रत्येक पानापाशी कमरेतून वाकून. बारा वर्षं ज्यांच्या बुटाची नाडी बायको बांधत होती, ते साठ पानांपुढे साठ वेळा वाकले. धाप लागली नाही की कमरेला हात गेला नाही. व्याह्यांना तर हट्टानं दोन-दोन जास्तच वाढल्या. माईंना नवऱ्याचा एवढा अभिमान आजवर कधी वाटला नव्हता, अगदी चाळीस जिलब्यांच्या दिवसांतही नाही.

शेवटच्या पंगतीला वाढणाऱ्या बायका बसल्या, तेव्हा परातीत दोनच जिलब्या उरल्या होत्या. विश्वासराव माईंच्या पानापुढे वाकले. माईंनी पानावर हात आडवा धरला.

"मला नको."

"साखर मला आहे, तुला नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "दीड वर्ष तूही गोड खाल्लं नाहीस. मला दिसत नव्हतं का?"

हे माईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. विश्वासराव तसेच वाकून उभे होते, त्यांना घाई नव्हती.

"जावयाचा आग्रह आहे," ते म्हणाले. "मोडायचा नाही."

माईंनी पानावरचा हात काढून घेतला.