फक्त गुरुवारी येणारे मेल

"मॅडम, राउटर बंद करून परत चालू करा," ग्राहक सेवेतला माणूस सातव्यांदा म्हणाला.

"अहो, चालू-बंद करून माझा अंगठा झिजला!" नम्रता फोनवर कडाडली. "मेल कधी येतात, कधी गायब. फोनवर नाहीत, लॅपटॉपवर नाहीत. वायफायचा पासवर्ड बदलला, सेटिंग बदललं. आता काय घर बदलू?"

"नवीन पत्त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल, मॅडम."

तिने फोन आपटला. हा राग काही उगाच नव्हता. बंगळूरच्या एका संस्थेत पीएचडीची लेखी परीक्षा ती पास झाली होती आणि मुलाखतीचं बोलावणं मेलने यायचं होतं. अर्जात तिने दिला होता घरचा मेल, ब्रॉडबँडबरोबर बाबांच्या नावाने मिळालेला. तीन आठवडे झाले, तरी बोलावण्याचा पत्ता नाही.

चिडली की तिचं डोकं चांगलं चालायचं. फोनवर जे थोडे मेल आले होते, त्यांच्या तारखा तिने कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. सगळे गुरुवारचे! गुरुवारी त्यांच्या भागात, बिबवेवाडीत, दुरुस्तीच्या नावाखाली दिवसभर वीज नसते. तिचा फोन मोबाइलच्या नेटवर चालतो. बंद असतो तो फक्त बाहेरच्या खोलीतला बाबांचा कॉम्प्युटर.

ती तरातरा बाहेर गेली. तिचे बाबा, भीमराव, एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले होते. त्यांचा कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी मेल ओढून घेत होता आणि सर्व्हरवर मागे काही ठेवत नव्हता. तसं सेटिंग त्यांनीच केलं होतं.

"टपाल साचलेलं मला चालत नाही," ते म्हणाले.

"मग माझे मेल कुठायत?"

"कुठे म्हणजे? फाइलला."

त्यांनी कपाटातून फाइल काढली. प्रत्येक मेल छापलेला, भोकं पाडून टॅगमध्ये ओवलेला, कोपऱ्यात लाल शाईने आवक क्रमांक आणि तारीख. "एक कागद गहाळ झालेला दाखव," ते अभिमानाने म्हणाले. "तुझे महिनाअखेरीला एकदम देणार होतो. रोज एकेक कागद घेऊन पळायला मी शिपाई आहे का?"

"बाबा, मी तीन आठवडे घर डोक्यावर घेतलंय!"

"तू नेटच्या नावाने ओरडत होतीस. टपालाचं मला विचारलंस?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद फाटतील अशा हाताने तिने फाइल उलटली. क्रमांक ४१२, मुलाखतीचं बोलावणं. सोमवारपर्यंत होकार कळवावा. आज बुधवार होता.

तिने तिथल्या तिथे बंगळूरला फोन लावला. पलीकडची बाई सौम्यपणे म्हणाली की दोन स्मरणपत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, म्हणून मुलाखत पुढच्या उमेदवाराला दिली. आता पुढच्या वर्षी. ती दोन्ही स्मरणपत्रं फाइलमध्ये होती. ४१५ आणि ४१९.

नम्रताने फाइल बाबांच्या मांडीवर टाकली. रडूही फुटलं नाही, इतकी ती संतापली होती.

"बत्तीस वर्षांत असे किती जणांचे कागद तुम्ही नीट लावून ठेवलेत हो, बाबा?"

भीमरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कचेरीच्या खिडकीशी ओरडून, हात जोडून, शेवटी शिव्या देऊन गेलेली माणसं त्यांना आठवली असावीत, कारण ते फाइलचा टॅग सोडू लागले.