थोरल्याचा तास

दोघे खाटीक भाऊ दुकानाखालच्या तळघरात मांस तोडायचे. तिथे खिडकी नव्हती. थोरल्याचा राग त्या अंधारात असा मुरला, की एकदा त्याने हाडकाने एका गिऱ्हाइकाचे दात पाडले, आणि मग एके दिवशी मांस टांगायचा आकडा फेकला तो बायकोच्या कानाला चाटून दारात रुतला. तिने गाठोडं बांधलं. डॉक्टर मध्ये पडला : याला रोज दुपारी तासभर उघड्यावर सोडा, झाडाखाली, पाण्याकाठी, कुठेही. तरीही हात उगारला, तर बाई, खुशाल जा.

घरच्यांनी डॉक्टरचं ऐकलं, पण अर्धवट. तास थोरल्याला मिळाला, त्या तासाचं काम धाकट्याच्या गळ्यात पडलं. औषध एकाला, पथ्य दुसऱ्याला.

थोरला निवळला. त्याला झोप लागू लागली, तो पोरांशी बोलू लागला. कुठल्या झाडावर कुठलं पाखरू बसतं, हेही सांगू लागला. खाटकाच्या तोंडी पाखरांचं कौतुक, सगळी गल्ली गालात हसली. गाठोडं सुटलं.

खाली धाकट्याने आधी बोलणं टाकलं, मग जेवण. त्याने मांजराला लाथेने भिंतीवर आपटलं, तेव्हा वहिनी म्हणाली, दमले असतील. हाड फुटल्यावरही त्याचा सुरा लाकडावर पडतच राहायचा.

त्या दुपारी थोरला शीळ घालत उतरला. "तोंड का रे असं? जरा बाहेर पडत जा."

धाकट्याच्या सुऱ्याचा पहिला वार थोरल्याच्या दंडावर बसला. दुसरा बरगडीवरून घसरला. तिसऱ्याला थोरल्याने मनगट धरलं आणि सवयीने दुसरी मूठ उगारली. आरडाओरडा ऐकून बायको जिन्यात आली होती. तिने मूठ पाहिली आणि तिथेच थांबली.

मूठ उघडली आणि धाकट्याच्या कॉलरवर पडली. थोरल्याने त्याला फरफटत वर ओढलं. धाकटा चावत होता, लाथा झाडत होता, पायऱ्या रक्ताने निसरड्या झाल्या होत्या. उन्हात आपटताच तो ओकला आणि हंबरडा फोडून रडला.

वहिनीने नवऱ्याचा दंड फडक्याने करकचून बांधला.

"दुकान?" धाकटा पुटपुटला.

"दुपारचा तासभर दुकान बंद," वहिनी म्हणाली. "उद्यापासून दोघांनी बरोबर उतरायचं, बरोबर वर यायचं. मेलेलं जनावर कुठे पळून जात नाही, भाऊजी."

धाकट्याने समोरच्या झाडाकडे बघितलं, फांदीवर एक पाखरू बसलं होतं. मग त्याने विचारलं, ते पाखरू कुठलं?

"आधी टाके पडू दे," थोरला म्हणाला, "मग सांगतो."