जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेला फुटबॉल

मी एक जुना फुटबॉल आहे, मित्रांनो, आणि आज मी फार घाबरलो आहे. बहारीनमध्ये, झिंज भागातल्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर मला ठेवले आहे. शेजारी गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा पंप आहे.

तो फहादने आणला. त्याच्या बहिणीची, निदाची, उद्या कॉलेजची फायनल आहे. मला फुगवून मैदानावर न्यायचे, असे तिच्या मनात आहे.

सुमारे सत्तर वर्षांपूर्वी मी रत्नागिरीच्या एका कॉलेजच्या संघाचा होतो. बाहेर शिवलेले चामडे, आत रबराचे ब्लॅडर, वर नाडी. संघाकडे चेंडू एकच, तो म्हणजे मी. म्हणून नियम कडक होता. खेळ संपला की माझी हवा काढायची, चिखल पुसायचा, चरबी चोळायची आणि सावलीत ठेवायचे. हे काम गोलकीपर हमीदचे. कोणी मला चुलीजवळ वाळत ठेवले, तर तो धावून जाई. "चामडं आहे ते, बोंबील नाही!"

त्या मोसमात आम्ही फायनल गाठली. ऐन खेळात माझी शिवण उसवली. दुसरा चेंडू कोणाकडेच नव्हता. हमीदचे वडील जाळी विणत. ते खेळ बघायला आले होते. त्यांच्या खिशातला सुई-दोरा घेऊन हमीदने मला मैदानातच शिवले आणि प्रत्येक टाक्याला जाळ्याची गाठ मारली.

"अरे, गोल अडवतोस की मासे पकडतोस?" समोरचा कप्तान ओरडला. सगळे मैदान हसले.

सामना आम्ही हरलो, पण शिवण टिकली. म्हणून संघाने मला हमीदच्या हाती सोपवले. नोकरीसाठी तो इकडे आला, तेव्हा मीही त्याच्या पेटीतून आलो.

तेच हमीद आज निदाचे दादा, म्हणजे आजोबा. आतल्या खोलीत पडून असतात. त्यांची बोटे आखडली, तेव्हापासून मला चरबी लागलेली नाही. एसीच्या कोरड्या हवेत माझे चामडे तडकले आहे, ब्लॅडर चिंचेच्या टरफलासारखे ठिसूळ झाले आहे. पण हे सांगू कसे? मला तोंड नाही.

"यल्ला, चल निदा! दोन मिनिटांत खलास," फहाद म्हणाला.

"आर यू शुअर?" निदाने मला अंगठ्याने दाबून पाहिले. आत काहीतरी कुरकुरले.

"अगं, मोठमोठे टायर फुगतात याने!"

पंप घरघरला. हवा आत शिरताच माझे अंग ताणले गेले. एक जुना टाका तटकन तुटला, मग दुसरा. जाळ्याच्या गाठी तेवढ्या धरून होत्या. आता त्यांच्यावरच सगळा भार!

"कोण तिकडे हवा भरतंय?" आतून खरखरीत आवाज आला. "बंद कर, फहाद! फाटंल तो!"

निदाने झटकन पंपाची नळी ओढून काढली.

दादा भिंतीला धरून बाहेर आले. मला छातीशी घेऊन त्यांनी उसवलेली जागा चाचपली.

"सॉरी, दादा. आय शुड हॅव आस्क्ड यू."

"म्हाताऱ्यात वारा नाही भरायचा, पोरी. मऊ काहीतरी भर."

निदाने मेलेले ब्लॅडर हलकेच काढले आणि आपली सरावाची जर्सी घडी घालून आत सारली. दादा सुईत दोरा ओवू गेले, पण आखडलेल्या बोटांना ते जमेना. त्यांनी सुई तिच्या हाती दिली.

"दोरा बोटावरून घे. आता खालून. आवळ... हां, ही जाळ्याची गाठ."

उद्या मी मैदानावर जाईन, पण दादांच्या मांडीवर बसून. पुन्हा कधी उसळणार नाही. निदा जिंकेल की नाही, या काळजीने माझे टाके आताच ताणले आहेत.

मित्रांनो, जुनी वस्तू वापरायला काढाल, तेव्हा आधी तिला जपणाऱ्या माणसाला विचारा. आम्हाला बोलता येत नाही. आणि आमच्या वतीने बोलणारे कायम शेजारच्या खोलीत असतीलच असे नाही.