पोळ्याचं सत्तर

आमचे हे, रंगराव, चिखलीच्या एका बियाणे कंपनीचं गोदाम सांभाळत होते. साठी उलटली तरी ह्याइनं नोकरी सोडली नाही, ते कंपनीच्या विम्यापायी. मागं हृदयात स्टेंट टाकला, तोही त्याच विम्यातून. "सत्तरचा झालो का सरकारचं आयुष्मान कार्ड भेटते. त्याच दिवशी घरी बसतो," म्हनायचे.

ह्याइचा जन्म पोळ्याचा. सासूबाई सांगायच्या, बैलाइले पुरणपोळी चारता चारताच कळा सुरू झाल्या. म्हनून यंदाच्या पोळ्याले ह्याइनं नोकरी सोडली. शाल-नारळ घेऊन घरी आले. विमा त्याच दिवशी संपला.

दुसऱ्या दिवशी सून वंदना मोबाइलवर कार्ड काढाले बसली अन् थांबली. "मामाजी, आधारवर तुमचा जन्म त्या पोळ्याच्या नंतरच्या जूनचा लिहेल हाये. म्हंजे कागदावर सत्तर पुढच्या वर्षीच्या जूनमंदीच होते."

शाळेत घालतांनी मास्तरनं अर्ध्या गावाले एक जून हीच तारीख लावून देली होती. ह्याइले ते ध्यानातच नव्हतं.

"पोळ्याले जन्मलेला मानूस जूनमंदी काऊन सत्तरचा व्हते?" हे पुटपुटले.

माहं डोकं फिरलं. "आता जूनपर्यंत आजारी पडाचं नाही, समजलं?"

"हाव," हे म्हनाले.

तवापासून पाण्याची बकेट उचलली का हे मधातच थांबतात अन् छातीवर हात ठेवतात. मी पाह्यलं का म्हनतात, "गॅस झाला."

मी खोदून विचारत नाही. ह्याइनं खरं सांगून टाकलं तं?