एकोणीस केसपेपर

गेली चार वर्षं माझे अवयव माझ्याआधी दवाखान्यात पोचतात. मी जिन्यावर धापा टाकत असतो, तोवर जठर पोटाच्या विभागात नंबर लावून बसलेलं असतं. गळ्यातल्या चार ग्रंथी, तांदळाच्या दाण्याएवढ्या, मुतखड्याच्या रांगेत उभ्या असतात. मेंदूखालची ग्रंथी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. स्वादुपिंड कुठंच जात नाही. ते लाजरं आहे, जिन्याखाली बसतं.

प्रत्येक खिडकीतून एकच वाक्य येतं, "नवीन केसपेपर काढा." केसपेपर निघाला की कॉरिडॉर लांबतो. पूर्वी पोटाकडून मुतखड्याकडे जायला पाच मिनिटं लागायची. आता मी वाटेसाठी घरून डबा नेतो. डब्यातलं काही पोटात टिकत नाही, ती गोष्ट वेगळी. वजन अठरा किलोंनी उतरलंय. मला मरायची भीती वाटते, आणि मरताना आपण नेमके कोणत्या विभागात असू, याचीही.

सोमवारी डॉक्टर खरोसेकरबाई जिन्याखाली थांबल्या. स्वादुपिंडाला म्हणाल्या, "तुमच्याबरोबर कोण आहे?"

त्यानं माझ्याकडे बघितलं.

बाईंनी माझे एकोणीस केसपेपर मागून घेतले आणि खळ लावून एकाला एक चिकटवायला सुरुवात केली. कागद चिकटेल तसा कॉरिडॉर आखडत गेला. दारं एकमेकांवर आली, रांगा एकमेकींत शिरल्या. शेवटी सगळ्या विभागांची मिळून एकच खोली उरली, इतकी लहान की माझे गुडघे टेबलाला टेकले. माझ्या ग्रंथी एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या.

"ही वेगवेगळी दुखणी नाहीतच," बाई म्हणाल्या. "एकच आहे, घराण्यात उतरत येणारं, आणि त्यावर उपाय आहे."

मला रडू आलं. मग चक्क भूक लागली.

"तुमच्या आई कशानं गेल्या?"

"अल्सरनं. नुसता खायचा सोडा घ्यायची. दवाखान्यात कधी आलीच नाही."

"मग आता येऊ देत."

त्यांनी माझ्या नावाच्या वर आईचं नाव लिहिलं. आई चपला हातात घेऊन आत आली आणि माझ्या बाकावर बसली. "फार वेळ नाही ना रे लागणार?" तिनं विचारलं.

"मुलंबाळं?" बाई म्हणाल्या.

"एक मुलगी, शर्वरी. नववीत आहे. पण तिला काही होत नाही हो."

"होण्याआधीच हवीय ती मला." बाईंनी माझ्या नावाखाली शर्वरी लिहिलं.

बाहेर शाळेच्या बुटांचा आवाज आला. आई जराशी सरकली आणि शेजारची जागा पदरानं पुसू लागली.