साहेबापुरती जाळी

खण्णकन फुलपात्र फरशीवर आपटलं आणि सकाळपासून त्या खोलीत साचलेली शांतता मोडली.

गहिनीनाथ डाव्या हाताने पाणी प्यायला गेला होता. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता आणि त्या पट्ट्यांच्या आत आता एकच बोट उरलं होतं. झुंबर धावली नाही. धावलं की नवऱ्याला राग येतो, हे आठ दिवसांत तिला कळून चुकलं होतं. तिने फडक्याने पाणी टिपलं, फुलपात्र भरून पुन्हा त्याच्या डाव्या अंगाला ठेवलं.

"फुलपात्राला पोचा आला का गं?"

"आला तर आला. पानी धरतंय अजून."

दोघंही किंचित हसले. सहा वर्षांची छबू मात्र हसली नाही. ती कोपऱ्यात बसून बापाच्या हाताकडे टक लावून पाहत होती.

वाचकहो, ही गोष्ट आपल्या नागापूरची, एकाहत्तर सालची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे जोडपं पाथर्डीकडून दर दिवाळीनंतर ऊस तोडायला प्रवरेकाठी यायचं. झुंबरचा थोरला भाऊ रंगनाथ एका बिजागऱ्यांच्या कारखान्यात फोरमन झाला आणि म्हणाला, "कोयता ठेवा खाली, दाजी. मी हाय ना!" त्यानेच गहिनीनाथला पत्रा कापायच्या प्रेसवर लावून घेतलं. तेव्हापासून नळावर बायका जमल्या की झुंबर सांगायची, "आमच्या दादानं आमचा कोयता सोडवला." सांगताना तिचा चेहरा कसा फुलायचा!

त्या दुपारी रंगनाथ मोसंबी घेऊन आला. भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग खिशातून इंग्रजीत टाइप केलेला कागद काढला.

"दाजींच्या रजेचा हाय. त्यांचा डावा अंगठा उठवू, आन साक्षीदार म्हणून खाली तुझी सही कर."

"वाचून दाखव की, दादा."

"आता भावाचं बी वाचून घ्याया लागली व्हय?" रंगनाथ हसला. जरा जास्तच मोठ्याने हसला.

झुंबर सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं लावता यायची, अर्थ नाही. तिने बोट ठेवून एक शब्द जुळवला. "गार्ड. गार्ड म्हंजे काय रं?"

"गार्ड म्हंजे... आगगाडीला नसतो का? हिरवा बावटा दावतो त्यो."

"रजेच्या कागदात आगगाडी कुठनं आली?"

रंगनाथ पिशवीतली मोसंबी काढून मांडू लागला. झुंबरने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि छबूला म्हणाली, "जा, शेजारच्या बाईंना हाक मार. म्हणावं, चष्मा घेऊन या."

शेजारच्या खोलीत गोजरबाई राहायच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्या चष्म्याबरोबर शब्दकोशही घेऊन आल्या. "रजेचा हाय म्हणं," म्हणत झुंबरने कागद त्यांच्या हाती दिला. तो त्यांनी आधी मनात वाचला. मग रंगनाथकडे न बघता मोठ्याने मराठीत सांगितला.

"'वारंवार ताकीद देऊनही कामगाराने स्वतःच्या मर्जीने यंत्राचा गार्ड काढून ठेवला. अपघातास तो स्वतः जबाबदार आहे.' झुंबर, हा रजेचा कागद नव्हे गं."

गोजरबाईंनी कोश उघडला, जवळजवळ स्वतःशीच वाचू लागल्या. "गार्ड. राखण, पहारा, रक्षण, बचाव, आडोसा... आणि हे बघ, यंत्रापुढचं संरक्षक कुंपण."

"आमी तिला जाळी म्हंतो," गहिनीनाथ हळूच म्हणाला.

ती जाळी वर्षभर फोरमनच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे. सरकारी तपासणीचा साहेब येणार म्हटलं की सकाळी ती प्रेसवर चढे. साहेबाची जीप फाट्यावरून वळली की पुन्हा खिळ्याला. जाळी लावली की हात अडायचा, बिजागऱ्यांचे पीस कमी पडायचे ना! गहिनीनाथने हे दिवाळीत घरी हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा जास्तीच्या पिसांवर मिळालेल्या पैशांतून छबूला झालरीचा फ्रॉक आला होता. झुंबरही तेव्हा हसली होती.

"दादा, ताकीद कवा दिली हुती?"

"मालकानंच लिवून आनलंय, झुंबर. सही न्हाई झाली तर माझी नोकरी जाईल. दाजींची बोटं काय परत येनार हायेत का?"

"कर सही," गहिनीनाथ भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "तुझा भाऊ हाय."

झुंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. बोटं गेली त्या रात्री ती या भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. जाळी त्याच्याच खोलीत टांगलेली होती, हे तेव्हाही त्याला ठाऊक होतं!

गोजरबाई रंगनाथला म्हणाल्या, "फोरमनसाहेब, एक सांगा. उद्या त्या प्रेसवर कोण बसणार?"

"कानिफनाथ. गावाकडचाच हाय. नवा."

"जाळी लावून?"

रंगनाथने मान खाली घातली.

"बघा! कोशात एवढे शब्द दिलेत, त्यातला एकही खिळ्याला टांगायचा नाही. साहेबाला दाखवायची ती जाळी साहेबाचं समाधान करते, बोटं नाही राखत. आणि माणूस 'मी आहे ना' म्हणाला, तर त्याने यंत्रापुढेही असायला हवं. नुसतं मोसंबी घेऊन नंतर येऊन कसं चालेल?"

"न्हाई!" झुंबर एकदम उभी राहिली. "सही करनार न्हाई. माझ्या नवऱ्याची बोटं गेली, आता त्याचं नाव बी घालवू? उद्या ह्योच कागद त्या कानिफनाथच्या बायकोपुढं ठेवशील. दादा, तुला मी माझा आडोसा समजत हुते रे!"

रंगनाथने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. दारात चपला घालताना त्याचा डावा-उजवा चुकला.

"उद्या जाळी चढवूनच प्रेस चालू करतो," तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला. "मालकाला काय सांगू?"

"खरं सांग. न्हाई तर मी येऊन सांगते."

तो गेला. एरवी भावाला रस्त्यापर्यंत पोचवायला जाणारी झुंबर जागची हलली नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या कारखान्यांत, रसाच्या चरकांवर, मळणीयंत्रांवर अशा किती जाळ्या आज खिळ्याला टांगलेल्या असतील! दोन पीस जास्त पडतात म्हणून आपण सगळेच त्यांच्याकडे काणाडोळा करतो. मालक करतो, फोरमन करतो, आणि घरी पगाराची वाट पाहणारी माणसंही करतात. रक्षण हे कुणाच्या शब्दावर सोपवून निर्धास्त व्हायची गोष्ट नाही. ते रोज, स्वतःच्या डोळ्यांनी, जागेवर आहे की नाही हे पाहावं लागतं.

गोजरबाई गेल्यावर छबू आईला येऊन बिलगली.

"आई, जाळी काढली की बोटं तुटत्यात, हे मामाला ठाव हुतं?"

"व्हय, बाळा."

छबूने थोडा विचार केला. मग मान वर करून तिने विचारलं,

"आन तुला?"