मुडी कुणी सोडायची

किशोर आईशी बोलायचा नाही, आईच्या डोक्यावरून बोलायचा. मुंबईत बारा वर्षं काढली म्हणून काय झालं? खातं आईचं, सही आईची, आणि हा बँकेत काउंटरपलीकडच्या साहेबाशी इंग्रजीत असा बोलणार, जसं काही आई म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेलं भाताचं पोतं. सोनाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गेल्या गणपतीत हेच झालं. दोन म्हशी विकून आलेले पैसे महाडच्या बँकेत होते, ते आणखी वर्षभर ठेवायचे होते. काउंटरवर किशोर आणि साहेब काहीतरी बोलले, हसले. सोनाबाईनं विचारलं, "काय म्हणतोय रे तो?"

"तुला काय करायचाय? हितं सही कर."

मागं रांगेत वाडीतली आवडी उभी होती. ती पदराआड हसली. सोनाबाईनं मान ताठ केली, "मला ठाव हाय सगळा," असं मोठ्यानं म्हटलं आणि सही ठोकली. ठाऊक काडीचं नव्हतं. एसटी गावी, वरंधला, पोचेपर्यंत ते खोटं तिला टोचत राहिलं.

पैसे नातीचे, अक्षदाचे होते. सोनाबाईची लेक शकू, नवरा गेल्यावर माहेरी परत आली तेव्हा ही पोर तिच्या कडेवर होती. आता बारावीला होती, नर्सिंगला जायचं म्हणत होती. तिच्या फीसाठीच सोनाबाईनं दावणीच्या म्हशी सोडल्या होत्या. त्या दिवशी ती जेवली नव्हती.

पौषात सोनाबाई बियाण्याच्या मुड्या बांधायला बसली. पेंढा पसरायचा, मधी भाताचं बी ओतायचं आणि पेंढ्याच्याच दोरीनं गच्च आवळून भोपळ्याएवढी गोल मुडी करायची. त्या घरची रीत जुनी होती: जी बाई मुडी बांधते, तीच सोडते. घरात उपास पडला तरी दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही.

"अक्षदे, हिकडं ये गो. ती बँकेतली भाषा मला शिकव. आन् कुणाला बोललीस तर जीभ हासडीन."

अक्षदानं वही आणली. सोनाबाईनं ती बाजूला सारली. "वही नको. माझ्या हातात काय हाय त्याच्यावर सांग."

पोरगी हुशार. "आजी, ही मुडी म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट. बांधली की हात लावायचा नाय."

"मंग मिरग आला की सोडायची, ती वेळ?"

"मॅच्युरिटी."

"आन् कुणी हावरटानं माघातच सोडली तर?"

"प्रीमॅच्युअर क्लोजर. बँक पेनल्टी लावते."

"लावायलाच पायजे!" सोनाबाईनं दोरीला असा पीळ दिला की अक्षदा हसायला लागली. "मी मेले तर मुडी कुणाची?"

"ज्याचं नाव लिवलंय त्याची. नॉमिनी."

"कुणाचा लिवलाय?"

"माझं. पैसे ठेवताना तूच लिवायला सांगितलं होतंस."

सात मुड्या बांधून झाल्या तोवर सोनाबाईला पंचवीसएक शब्द आले होते. मग रोज चुलीपुढं, भाकऱ्या थापताना, ती ते पुटपुटायची. शकूला वाटलं आई कसला तरी जप करते.

मे महिन्यात किशोर आला. दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "आये, महाडला जाऊ. तुझं ते डिपॉझिट रिन्यूअल करायचंय."

सोनाबाईनं लुगडं नेसता नेसता थांबून त्याच्याकडं पाहिलं. रिन्यूअल म्हणजे मुडी पुन्हा बांधणं. मेमध्ये? मुदत तर भाद्रपदात संपते. पण ती बोलली नाही. म्हटलं, बघू तरी.

काउंटरवर या वेळी नीला नावाची मुलगी होती. किशोरनं फॉर्म आधीच भरून आणला होता. त्यानं फुलीपाशी बोट ठेवलं. "हितं सही कर."

नीलानं फॉर्म चाळला. "प्रीमॅच्युअर क्लोजर ना, सर? अमाउंट आजींच्या सेव्हिंगला?"

"येस, अँड देन ट्रान्सफर टु माय अकाउंट," किशोर घाईनं इंग्रजीत म्हणाला.

सोनाबाईच्या हातातलं पेन थांबलं.

"बाई, ह्याची मॅच्युरिटी कधी हाय?"

नीलानं मान वर केली. "आजी, सप्टेंबरच्या बारा तारखेला."

"आज मोडली तर पेनल्टी लागंल ना?"

"हो, व्याजही कमी मिळेल."

"नॉमिनी कोण?"

"अक्षदा. नात ना तुमची?"

किशोरचा चेहरा पार उतरला. "आये, ऐक तरी. टुरिस्ट गाडीचा सौदा झालाय, बयाणा देऊन बसलोय. गणपतीच्या आत परत टाकतो. तुला सांगून काय कळलं असतं, म्हणून..."

"म्हणून रिन्यूअल म्हणालास."

सोनाबाईनं पेनाला टोपण लावलं, फॉर्मची चौपदरी घडी केली आणि कनवटीला खोचली. मग आवाज जराही न दाबता, सगळ्या बँकेला ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"तू पैसं मागितलं असतंस, तर मी शिव्या घातल्या असत्या, पण ऐकून घेतला असता. तू मागितलं नायस, आईला आंधळी समजून हाताला धरून खड्ड्याकडं नेलीस. लेक हायस, घरी ये, जेव, झोप. पण मुडी मी बांधलीय, सोडीन मीच, आन् ती अक्षदाच्या पदरात सोडीन. बयाणा बुडला तर तुझा बुडला. आन् आजपासनं माझ्यापुढं इंग्रजी बोललास, तर त्याचा अर्थ आधी मराठीत सांगायचा. खोटा सांगितलास तर खरा मी सांगीन, असाच, चारचौघांत. चल, एसटी चुकंल."